ना हरकत

११ नोव्हेंबर २००७, वापी

आज भाऊबीज. सकाळपासून बाजारात बंदोबस्तावर उभी होते. जानेवारीत एका रंगाच्या कंपनीने स्टेशनला वाटलेली ही डायरी दहा महिने कोरी पडली होती, ती आज उघडली. छापील तारखा खोडून वाटेल त्या दिवशी लिहीन. आमच्या स्टेशनात कुत्रं चावलं तरी नोंद होते. गेले आठ दिवस माझ्या मनात जे चाललंय त्याची नोंद कुठे करणार?

अर्ज दिला. गुजरात पोलिसातून महाराष्ट्र पोलिसात कायमची बदली मिळावी म्हणून. कारण: पती पूर्णा, ता. भिवंडी येथे स्थायिक, मुलगी लहान. एवढ्या एका ओळीत माझा सगळा संसार बसला. वडील भिवंडीजवळच्या खारबावचे, पण नोकरी गुजरातेत उंबरगावच्या कारखान्यात, म्हणून मी इकडे वाढले, इकडेच पोलिसात लागले आणि लग्न होऊन पुन्हा भिवंडीकडे गेले. म्हणजे हळद लागली तिकडे आणि ड्युटी राहिली इकडे.

साहेब म्हणाले, "मेघालीबेन, नऊ वर्षांची नोकरी आहे. तिकडे गेलात की सेवाज्येष्ठता गेली. काल भरती झालेली पोरगीसुद्धा यादीत तुमच्या वर. नीट विचार केलात?" केला म्हटलं. मग स्टँपपेपरवर लिहून दिलं की मी ज्येष्ठतेवर हक्क सांगणार नाही, नेमणूक मिळेल तिथे जाईन. चार ठिकाणी सह्या केल्या. आरोपीसारखं वाटलं.

आता गुजरातने म्हणायचं, न्या. महाराष्ट्राने म्हणायचं, द्या. दोन्हीकडची ना हरकत जुळली तर बदली.

मुनू मार्चमध्ये चार वर्षांची होईल. दहा महिन्यांची असताना तिला पूर्णाला ठेवून मी ड्युटीवर हजर झाले. थोरल्या जाऊबाई तुळजावहिनी तिला सांभाळतात. त्यांच्या लग्नाला बारा वर्षं झाली, मूल नाही, त्यामुळे त्यांनाही विरंगुळा. मुनू त्यांना आधी 'मोठी आई' म्हणायची. हल्ली नुसतं 'आई' म्हणते. जीभ छोटी, शब्द मोठा. मला मम्मी म्हणते, तेव्हा गोंधळ नाही.

जूनमध्ये तिची शाळा. त्याआधी मला पोचायचंय. बाकी काही नको.

७ डिसेंबर

निवडणूक बंदोबस्त. रजा बंद, फायलीही बंद. फोन केला तर मुनू नुसती श्वास घेत राहते. मागून वहिनी सांगतात, बोल गो, मम्मी हाय. आज शेवटी बोलली, "मम्मी, तू ड्युटीला जा." फोन ठेवल्यावर चौकीच्या मागे जाऊन तोंड धुतलं.

३० डिसेंबर, पूर्णा

चार दिवसांची रजा. घराच्या तिन्ही बाजूंनी आता गोदामं. पूर्वी अंगणातून आमची भातशेती दिसायची असं सासूबाई सांगतात. आता कंटेनर वळताना भांडी वाजतात. हरेश त्यातल्याच एका गोदामात हमालांचा मुकादम आहे, सकाळी जातो तो अंधार पडता येतो.

मुनू वहिनींच्या पदराआडून बघत होती. मी आणलेला फ्रॉक घातला, पण घालायला वहिनींकडे घेऊन गेली.

वहिनी भाकऱ्या थापत होत्या, मी सुकट निवडत होते. त्यांनी विचारलं, "बदली झाली म्हंजे हिथंच रहाशील ना?"

मी म्हटलं, "नेमणूक कुठे मिळते त्यावर. क्वार्टर मिळालं तर मुनूला घेऊन तिकडे. तुम्हाला अजून किती दिवस त्रास देणार?"

"तरास कसला," असं म्हणाल्या. मग विचारलं, "आनि कागूद अडला तर?"

कोणीतरी आपल्या कामाची चौकशी करतंय याचंच बरं वाटलं. हरेशला तर फाईल म्हणजे काय हेही विचारायचं नसतं. मी सगळं समजावून सांगितलं. आमच्या एका जमादाराने बदलीसाठी आमदाराची चिठ्ठी आणली होती, साहेबांनी ती चिठ्ठीच फायलीला लावली आणि त्याचं काम तिथेच संपलं. सरकारी नोकराने पुढाऱ्याचं वजन वापरलं की गेलाच म्हणून समजा.

"म्हंजे पुढारी चांगला बोलला तरी वाईट?"

"वाईटच."

"आनि तुला ठावच नसंल, परभारे कोनी केला तर?"

"तरी आधी फाईल अडकते, मग विचारतात."

"असा हाय व्हय," वहिनी म्हणाल्या आणि बोलता बोलता तव्यावरची भाकरी करपली. त्यांच्या हातून भाकरी करपलेली मी आजच पाहिली. माझी काळजी माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त.

१९ जानेवारी २००८, वापी

गुजरातने सोडायला ना हरकत दिली! कागद हातात घेतला आणि आधी घाबरले. इथलं दार माझ्या मागे लागलं, तिकडचं अजून उघडलेलं नाही. आता ठाण्याहून पडताळणी होईल: राहण्याचं ठिकाण, चारित्र्य, सगळं. नऊ वर्षं मी लोकांच्या दारात जाऊन शेजाऱ्यांना विचारलंय, कशी आहे हो बाई? आता माझ्या दारात कोणी येणार.

डबा अर्धा तसाच परत जातो. फोन वाजला की धावते आणि नाही वाजला की बंद पडलाय का ते बघते.

१० फेब्रुवारी, पूर्णा

सगळे झोपल्यावर लिहितेय.

मुख्य रस्ता सोडून रिक्षा गावात वळली आणि समोर गोदामाच्या भिंतीवर मी. दहा फुटांचा बॅनर. युनिफॉर्ममधला माझा फोटो, तोही गुजरातच्या. आणि माझ्या चौपट मोठे दौलतशेठ, तालुक्याचे पुढारी, हात जोडून. वर लिहिलेलं, "मा. दौलतशेठ यांच्या अथक प्रयत्नांनी आमच्या गावच्या सूनबाई सौ. मेघाली हरेश तरे यांची ठाणे पोलीस दलात बदली झाल्याबद्दल जाहीर आभार."

बदली झालेली नाही. दौलतशेठना मी आयुष्यात भेटलेली नाही.

रिक्षा थांबवून मी तो बॅनर स्वतःच्या हाताने फाडला. चहाच्या टपरीवरचे लोक बघत राहिले. घरी येऊन थोरल्या दिरांना, अनंतादादांना, विचारलं. ते तांबूस डोळ्यांनी म्हणाले, "मना काय इचारतेस? हिना सांगितला, शेटचा फोटो टाकून आभार लाव, घराची शोभा वाढंल. मी लावला."

म्हणजे बायकोवर ढकलून मोकळे. पुरुषांची ही जात मी कोठडीत रोज बघते. तो फोटो वहिनींच्या कपाटात असतो, तो यांनीच काढून घेतला असणार. वहिनी चुलीपाशी मान खाली घालून होत्या. नवऱ्यापुढे काय बोलणार बिचाऱ्या?

सासूबाई म्हणाल्या, परवाच एक हवालदार चौकशीला येऊन गेला, चांगला मानूस व्हता, पानी पिऊन गेला. म्हणजे पडताळणी होऊन गेली, आणि बॅनर तेव्हा भिंतीवर होता.

११ फेब्रुवारी

दौलतशेठकडे गेले. त्यांच्या ओसरीवर आधीच तीन जण नारळ घेऊन बसलेले. मी सरळ विचारलं, "शेठ, तुम्ही माझ्या बदलीसाठी काहीही केलेलं नाही, एवढं दोन ओळीत लिहून द्या."

शेठ हसले. "अगो पोरी, तो बॅनर लागल्यापासून लोकांची रीघ लागली, आमच्या पोराचा पन काम करा म्हून. आता मी कंच्या तोंडाना सांगू का मी कायच केला न्हाय?"

"पण केलं नाहीच ना?"

"न्हाय केला. पन लिवून कसा देऊ?"

वर मला चहा पाजला. जाताना म्हणाले, काय अडला तर सांग, साहेबाला फोन करतो. मी हातच जोडले. असला उपकार करणारा माणूस कोणाला भेटू नये.

२७ फेब्रुवारी, वापी

नोटीस आली. "आपण आंतरराज्य बदलीकामी राजकीय व्यक्तीमार्फत दबाव आणल्याचे पडताळणी अहवालावरून दिसून येते. सात दिवसांत खुलासा सादर करावा, अन्यथा आपला प्रस्ताव दप्तरी दाखल करण्यात येईल."

दप्तरी दाखल म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे. कपाट, धूळ, वाळवी.

अहवाल लिहिणाऱ्या हवालदारांना, केसरीनाथ हवालदारांना, फोन केला. म्हणाले, "मॅडम, मी डोळे मिटून घेतले असते, पण बॅनर दहा फुटांचा. उद्या दुसऱ्या कोणी फोटो पाठवला तर मीच अडकलो असतो. तुम्ही लावला नाही ना? मग कोणी लावला त्याचा जबाब आणा."

त्यांचा राग येत नाही. मीही हेच केलं असतं.

खुलाशाचे चार कागद फाडले. "सदर बॅनर माझे दीर अनंता तरे यांनी परस्पर लावला" हे वाक्य लिहिलं की घरात काय होईल ते दिसतं. नाही लिहिलं तर जून गेला. मग पुढचा जून. मुनू मोठी होत राहील, आणि मी वापीच्या नाक्यावर शिट्टी वाजवत राहीन.

२ मार्च, पूर्णा

एका दिवसाची रजा टाकून आले. अनंतादादांना म्हटलं, जबाब द्या. ते आणखीच भडकले. "मना कशाला गुतवतेस? सांगितला ना, हिना सांगितला! पोलीस झालीस म्हून घरातल्याना आत टाकशील?" हरेश मध्ये पडला आणि माझ्यावरच ओरडला की तुझ्या नोकरीपायी भाऊ भावाला तोडायला लागला. सासूबाई रडल्या. मी कळशी उचलून बाहेर गेले. बोलले असते तर फार बोलले असते.

दुपारी सगळे पांगले. वहिनी ओटीवर मुनूच्या केसांना तेल लावत होत्या. मी शेजारी बसले आणि काय झालं कोण जाणे, जे कधी हरेशलाही सांगितलं नव्हतं ते सगळं बाहेर आलं. मुनूला इथे सोडून गेले तेव्हा दूध आटलं नव्हतं. ड्युटीवर युनिफॉर्म भिजायचा. दिवसातून तीनदा स्टेशनच्या मोरीत जाऊन दूध पिळून टाकायचे आणि वर पाणी ओतायचे, कोणाला दिसू नये म्हणून. सव्वा महिना. त्या मोरीत मी अजून जात नाही, लांबच्या संडासात जाते.

वहिनींचा हात मुनूच्या डोक्यावर तसाच थांबला. मग त्यांनी तिला उचललं, माझ्या मांडीवर ठेवलं, आणि वाळत घातलेले कपडे काढायला गेल्या. कपडे अजून ओले होते.

मुनू दोन मिनिटं बसली. मग त्यांच्या मागे पळाली.

मी ठरवलंय. खुलाशात दिरांचं नाव लिहिणार. घर तुटलं तर तुटलं.

४ मार्च, वापी

अजून विश्वास बसत नाही, म्हणून जसं ऐकलं तसं लिहिते.

खुलाशाचं पाकीट बंद करत होते तेवढ्यात केसरीनाथ हवालदारांचा फोन. "मॅडम, तुमच्या जाऊबाई आल्या होत्या. कडेवर पोर. एकट्याच आल्या, रिक्षा करून. जबाब दिलाय." आणि वाचून दाखवला.

"मी तुळजा अनंता तरे, वय पस्तीस, धंदा घरकाम. बॅनर लावण्यास मीच माझ्या पतीस सांगितले. पुढाऱ्याचे नाव आले की बदली अडते हे मला माहीत होते. माझ्या जावेची बदली होऊ नये व तिची मुलगी माझ्याकडेच राहावी म्हणून मी असे केले. जावेस यातील काही माहीत नव्हते. दौलतशेठ यांचाही संबंध नाही. जबाब वाचून दाखवला, तो बरोबर आहे." खाली अंगठा.

हवालदार म्हणाले, "बाई खरं बोलतायत असं वाटलं मला. रडल्या नाहीत, काही नाहीत."

साधा माणूस आहे. मी नऊ वर्षं जबाब लिहिलेत. ज्याने खरोखर केलेलं असतं तो माणूस स्वतःच्या पायाने चालत येत नाही, आणि आला तरी कारण झाकून ठेवतो. इथे तर बाईने स्वतःला इतकं वाईट ठरवलंय की साहेबांना पुढे काही विचारायलाच नको. नवऱ्याला वाचवलं, मला वाचवलं, घर वाचवलं. आणि गोष्ट तरी काय रचलीय! परवा मी त्यांना सगळं सांगितलं, म्हणूनच हे केलं असणार. माझं रडणं बघवलं नाही.

माझ्यासाठी एक बाई पोलिसात जाऊन खोटं बोलली. इतक्या दिवसांनी आज पोटभर जेवले.

खुलासा नव्याने लिहिला. दिरांचं नाव काढून टाकलं.

१३ एप्रिल

काही नाही. चाळीस दिवस झाले. ठाण्याला फोन केला की म्हणतात, विचाराधीन. शाळेला नऊ आठवडे.

२१ मे

आली! ऑर्डर आली!

फॅक्सवर माझं नाव तीनदा वाचलं. "राजकीय दबावाचा मुद्दा निकाली काढण्यात येत असून संबंधितास समज देण्यात येत आहे." द्या समज, किती पाहिजे तेवढी द्या. ठाणे ग्रामीण. नेमणूक जव्हार.

जव्हार म्हणजे पूर्णापासून तीन तास. यादीत शेवटचं नाव, शेवटचं ठिकाण. हरेश फोनवर म्हणाला, "मंग मुनूला राहू दे हिथंच. तू शनिवार-रविवार ये." म्हणजे वापीलाच काय वाईट होते? मी म्हटलं, पोलीस लाईनीत दोन खोल्या मिळतायत, शाळा शेजारी आहे. मुनू माझ्याबरोबर येणार. मी स्वतःची नऊ वर्षं पुसून दिलीत ती रविवारची आई व्हायला नाही.

हरेश म्हणाला, "वहिनीला कोन सांगल?" मी म्हटलं, मी सांगते की, त्यांना आनंदच होईल, एवढं केलं त्यांनी. फोन त्यांच्याकडे दिला, सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरा झाला. तिला सकाली दूध नको देऊस, ओकते. पेज दे." बाकी काही नाही. फार बोलायची सवयच नाही त्यांना.

८ जून, जव्हार

आले. संध्याकाळचे पाच वाजलेत, सामान अजून बांधलेलंच आहे. उद्या सकाळी हजर व्हायचंय. मुनू आल्यापासून खिडकीत बसली आहे.

सकाळी पूर्णाला टेम्पो आला. हरेश मागे सामानाबरोबर बसला. वहिनींनी मुनूचे कपडे घड्या घालून ठेवले होते, शाळेच्या दप्तरासकट. दप्तर मी घेणार होते, त्यांनी आधीच घेतलं होतं. केव्हा घेतलं विचारलं तर म्हणाल्या, "दिवालीत." दिवाळीत तर माझा अर्ज जेमतेम गेला होता. पूर्णाच्याच शाळेसाठी घेतलं असेल, असो.

निघताना मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी माझे हात धरले आणि म्हणाल्या, "मेघाली, तो जबाब..."

मी म्हटलं, "वहिनी, तो विषय काढायचा नाही. माझ्यासाठी तुम्ही खोटं बोललात, जन्मभर विसरणार नाही."

"खोटा न्हाय गो ता. मी खराच केला. मना पोर सोडवंना."

अजूनही तेच! कुठे दीर ऐकतील म्हणून असेल. मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला, म्हटलं बास, मला सगळं कळतं. आणि वातावरण हलकं व्हावं म्हणून म्हटलं, "आता सुटलात की नाही पोरीच्या व्यापातून? जरा आराम करा." त्यावर त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने बघत होत्या की दयेने, मला सांगता यायचं नाही. मग मुनूचा पापा न घेताच आत निघून गेल्या. कामं पडली असतील.

मुनू टेम्पोत पुढच्या सीटवर चढून बसली होती. ड्रायव्हरला तिने पार दाराला दाबलं होतं, स्वतः त्याला चिकटून बसलेली, आणि शेजारी माझ्या एकटीपुरती नाही, दोघींची जागा सोडलेली. मी बसले, तर मला आत ओढून म्हणाली, "अजून सरक. तिकडं आई बसनार हाय."

मी म्हटलं, मुनू, आई येत नाही, तू आणि मम्मी जायचं.

तिने माझं ऐकलंच नाही. दाराकडे हात करून ओरडली, "लावू नको, लावू नको, येते ती."

ड्रायव्हर माझ्या तोंडाकडे बघत होता. आतून कोणी आलं नाही. मी थोडा वेळ थांबले आणि मग दार लावलं.